चौदाव्या दगडाची साक्ष

गाव चाळीस उंबऱ्यांचं, आणि शेजार म्हणून त्याला अख्खा दुसरा देश. डोंगराच्या खिंडीत दोन्ही उतारांवर घरं होती आणि मधून हद्द गेली होती. हद्द यायच्या आधी गाव एकच होतं. मग खाली कुठेतरी दोन सरकारांची लढाई झाली, समेट झाला, आणि एका उन्हाळ्यात खेचरांवर बसून साहेब लोक आले. त्यांनी खिंडीपासून ओढ्यापर्यंत तेवीस दगड पुरून घेतले आणि सांगितलं, आजपासून इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. त्यात गिरणी इकडे राहिली आणि तिचं पाणी तिकडून यायला लागलं. एका घराचा तर गोठाच परदेशात गेला. त्या घरची म्हातारी मरेपर्यंत सांगायची, मी दिवसातून दोनदा परदेशी जाते आणि दूध काढून परत येते.

दगड पुरणारे गवंडी दोघे होते, एक इकडचा आणि एक तिकडचा. दगड राखायचं काम तेव्हापासून ह्या दोन घरांकडेच चालत आलं. बर्फ वितळलं की दोन्ही घरची माणसं मिळून तेवीसही दगडांवरून फिरायची, कललेला दगड सरळ करायची, चुना मारायची आणि संध्याकाळच्या आत आपापल्या देशात परतायची.

इकडच्या घरचा आताचा गवंडी म्हणजे घुम्या. हे नाव गावानं ठेवलं होतं आणि उगीच ठेवलं नव्हतं. माणूस पन्नाशीला आला तरी चार शब्द सलग बोलला की बायको दचकून बघायची. तिकडच्या घरचा तो सरळ्या. हे नाव मात्र गावानं ठेवलं नव्हतं, घुम्याच्या बापानं ठेवलं होतं. सरळ्या आठ-नऊ वर्षांचा असताना त्यानं एक दगड बसवला आणि घुम्याचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला, "काय सरळ हात आहे पोराचा!" झालं. घुम्यानं पुढे तीस वर्षं ओळंबा लावून भिंती उभ्या केल्या, गावात त्याची एक भिंत कधी कलली नाही, पण बापाच्या तोंडून 'सरळ' हा शब्द त्याच्या वाट्याला आला नाही तो नाहीच.

त्याची जळजळ तेव्हापासूनची. दरवर्षीच्या फेरीत बाप पुढे चालायचा आणि त्याचा हात धरून सरळ्या. बाप वाकून वाकून त्याच्याशी बोलायचा, खडकावर बोट ठेवायचा, पोराला हसवायचा. घुम्या मागे, चुन्याची बादली घेऊन. बादलीची कडी बोटांत रुतायची, चुना पोटरीवर उडून भाजायचा, आणि डोळे सगळा वेळ पुढच्या त्या दोन पाठींवर. त्याच्या शेजारून सरळ्याचा बाप चालायचा. त्याला घुम्याच्या घरात काका म्हणायचे. काका काहीबाही बोलत असायचे, बादली मागायचे, "दे रे पोरा, थोडं मी धरतो" म्हणायचे. घुम्या बादली द्यायचा नाही आणि ऐकायचाही नाही. दुसऱ्याच्या बापाचं कौतुक घेऊन करायचंय काय!

त्या वर्षी बर्फ लवकर वितळलं आणि नको तसं वितळलं. एका दुपारी वरच्या अंगानं गडगड झाली, घरातली भांडी वाजली, आणि बाहेर येऊन बघतात तो तेराव्या आणि पंधराव्या दगडाच्या मधला उतार खाली बसलेला. दरडीनं चौदावा दगड उचलून नेला. कुठे नेला त्याचा पत्ता नाही. ओढ्यात त्याच्यासारखे हजार दगड पडले होते.

एरवी कोणी फिकीर केली नसती. पण ह्याच वर्षी दोन्ही सरकारांचे मोजणीवाले यायचे होते. दर वीस वर्षांनी येतात तसे. खालच्या ठाण्यावरून निरोप आला की चार दिवसांत येतो, आणि दगड जागेवर नसेल तर त्याच्या खालची साक्ष दाखवा. साक्ष म्हणजे प्रत्येक दगडाखाली दोन हात खोल पुरलेला सुपाएवढा कोळसा आणि त्यात एक फुटकं कौल. दगड हलतो, कोणी हलवतोही, पण कोळसा कुजत नाही आणि चालत नाही. साक्ष नसेल तर तेरा ते पंधरा सरळ रेघ.

सरळ रेघ म्हणजे घुम्याचं कुरण गेलं. हद्द चौदाव्यापाशी बाहेर फुगत होती आणि त्या फुगवट्यात त्याचं गवत होतं, झऱ्यासकट. दोन गाई आणि एक खेचर हिवाळाभर त्या गवतावर जगायची. नकाशात बघून जागा ठरवावी म्हटलं तर दोन्ही सरकारांच्या नकाशांत चौदावा दगड आणि सगळं कुरण मिळून शाईच्या एका टिंबाखाली मावत होतं.

"आणि रेघ सरळ झाली की कुरण कोणाच्या दाराला लागतं?" बायकोनं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं. ते सरळ्याच्या दाराला लागत होतं.

घुम्या उठून आत गेला. खोलीत बाप अंथरुणावर उशाला टेकून बसला होता. म्हाताऱ्याचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले होते, पण जीभ आणि कान शाबूत होते. खिडकीतून त्याला दरड दिसत होती. घुम्याला वाटलं होतं म्हातारा खचला असेल. म्हातारा मजेत दूध पीत होता.

"दगड तयार आहे ना एखादा?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"आहे."

"मग सरळ्याला हाक मार आणि लावून टाका दोघं. मोजणीवाले यायची वाट कशाला बघायची?"

"लावू कुठे?" घुम्या म्हणाला. "जागाच वाहून गेली."

म्हातारा हसला. "वरची माती गेली. साक्ष कुठे जाते? आकडा आहे ना तुझ्याकडे."

"कसला आकडा?"

"अरे, चौदाव्याचा."

घुम्याच्या डोक्यात तिडीक गेली. इतक्या वर्षांत जे कधी बोलला नव्हता ते बाहेर पडलं. "मला काय विचारता? तुमच्या लाडक्याला विचारा ना! बोट धरून सगळी हद्द दाखवलीत त्याला. मला काय दाखवलंत? बादली!"

म्हाताऱ्यानं दुधाचा पेला खाली ठेवला. आधी त्याला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. मग घुम्याचं तोंड बघून त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"त्याला चौदावा कसा ठाऊक असेल?" तो म्हणाला. "चौदावा बेकीचा आहे. मी त्याला एकीचे सांगितले. बेकीचे तुला सांगायचे होते काकांनी."

आणि मग त्यानं जे सांगितलं, ते घुम्यानं दाराच्या चौकटीला धरून ऐकलं.

पहिल्या दोन गवंड्यांनी दगड पुरताना आजूबाजूच्या न हलणाऱ्या खडकांवर छिन्नीनं खुणा कोरल्या होत्या. प्रत्येक दगडाला दोन खुणा. ह्या खुणेपासून इतक्या काठ्या, त्या खुणेपासून तितक्या, आणि दोन दोर जिथे भेटतील तिथे खाली साक्ष. पाच हातांची एक काठी. आकडे कागदावर लिहायचे नाहीत, कारण कागद साहेबाकडे जातो आणि साहेब बदलतो. एक, तीन, पाच असे एकीचे आकडे एका घरात; दोन, चार, सहा असे बेकीचे दुसऱ्या घरात. आणि म्हातारपण आलं की आपला वाटा आपल्या मुलाला सांगायचा नाही, पलीकडच्या मुलाला सांगायचा. आपल्या रक्ताला सांगितलं की माणूस दगड आपल्याकडे ओढायला शिकवतो. नियमसुद्धा आपल्या घरात बोलायचा नाही. तोही पलीकडूनच कळायचा.

"मला वाटलं, तुला कधीच कळलंय," म्हातारा म्हणाला. "काका गेले त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं मी निश्चिंत झोपतोय. ते आले नाहीत तुझ्याकडे?"

आले होते. तीनदा आले होते. पहिल्यांदा घुम्याच्या लग्नानंतर आले, म्हणाले, चल जरा वर जाऊन येऊ, आणि घुम्यानं सांगितलं, कंबर दुखतेय. दुसऱ्यांदा आले तेव्हा तो गोठ्याच्या मागून निघून गेला आणि बायकोला खोटं बोलायला लावलं. तिसऱ्यांदा काका थेट कामावर आले होते. घुम्या गिरणीची भिंत बांधत होता. त्याच सकाळी बाप म्हणाला होता, कोपरा सरळ्याकडून बघून घे. काका पाटीशेजारी उकिडवे बसले, इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ऐकून तर घे बाळा. चौदाव्यापासून सुरू करू, तो अवघड आहे. नाकाड्यापासून एकतीस काठ्या, आणि फटीच्या..." घुम्यानं कालवलेल्या चुन्याची पाटी उचलून खाली आपटली होती. "तुमच्या घरानं मला शिकवायचं बाकी राहिलंय का?" असं म्हणून तो निघून गेला होता. काकांच्या धोतरावर चुना उडाला होता. परत ते आले नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात खिंड बंद असताना गेले. ही गोष्ट त्यांनी त्याच्या बापाला कधी सांगितली नाही.

"घुम्या," बाप म्हणाला. त्यानं हे नाव पहिल्यांदाच घेतलं. "काय केलंस रे हे?"

सरळ्याकडे जाणं भाग होतं. अर्ध्या कोसाचं अंतर, पण घुम्याला वाटेत तीनदा बसावंसं वाटलं. सरळ्या अंगणात खेचराच्या खुराला नाल ठोकत होता. त्यानं घुम्याला बघितलं आणि हातोडी ठेवून उठला.

"बरं झालं आलास. मी दोर काढून ठेवलाय," तो म्हणाला. "सांग, कुठून धरू?"

सरळ्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं. घुम्यानं ते सगळं संपवलं आणि भांड्याकडे बघत म्हणाला, "माझ्याकडे आकडा नाही."

खेचरानं पाय झटकला तरी सरळ्याचं लक्ष गेलं नाही.

"बाबा तीनदा गेले होते तुझ्याकडे," तो म्हणाला. "दर वेळी घरी येऊन सांगायचे, आज त्याचं मन नव्हतं, पुन्हा जाईन. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत, नुसतं धोतर धुतलं. मी समजलो, काम झालं."

"अर्धं ऐकलंय. नाकाड्यापासून एकतीस."

"आणि दुसरी खूण?"

"फटीचा कुठलातरी."

दोघांनीही वर बघितलं. त्या उतारावर फट नाही असा खडक शोधावा लागला असता.

सरळ्या रागावला असता तर घुम्याला बरं वाटलं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण सरळ्यानं खुराला शेवटचा खिळा मारला, हात धुतले आणि म्हणाला, "एका दोराची नुसती कमान निघेल. कड्यापासून ओढ्यापर्यंत साठ पावलं. पावलापावलावर खड्डा घेऊ. तीन दिवस आहेत." घुम्याच्या छातीत पुन्हा तेच जुनं पेटलं. चांगुलपणातसुद्धा ह्याचा हात सरळ!

नाकाडा म्हणजे खिंडीखालचा नाकासारखा पुढे आलेला मोठा खडक. त्याच्या नाकपुडीत शेवाळ खरवडल्यावर खूण सापडली, अंगठ्याएवढी, चोख कोरलेली. तिथे दोराचं टोक अडकवून एकतीस काठ्यांवर दुसरं टोक ताणलं आणि कमानीवर खुंट्या मारल्या. कड्याकडून घुम्यानं यायचं आणि ओढ्याकडून सरळ्यानं, असं ठरलं.

काम जिकिरीचं होतं. वर दरडीची खडी, तिच्याखाली ओला गाळ, गाळाखाली जुनी घट्ट जमीन. कुदळ दगडावर आपटली की झिणझिण्या खांद्यापर्यंत जायच्या. बर्फाचं पाणी झिरपून खड्डा अर्धा भरायचा, ते आधी उपसायचं आणि मगच तळ दिसायचा. घुम्याची बायको आणि लेक पाट्यांनी खडी उचलत होत्या. लेक एकोणीस वर्षांची, बापासारखी रुंद खांद्याची आणि बापासारखी मुळीच न घुमणारी. दुपारपर्यंत तिच्या हातांवर फोड आले तरी तिची बडबड थांबली नाही.

दुपारी जेवायला बसल्यावर बायकोनं घुम्याच्या कानाशी तोंड नेलं. "अहो, एक विचारू? त्याला साक्ष सापडली तर तो सांगेल कशाला? न सापडली तर कुरण त्याच्या दाराला लागतंय. बोक्याला लोण्याची राखण दिलीत तुम्ही."

घुम्याला हे सुचलं नव्हतं असं नाही. सकाळपासून दुसरं काही सुचतच नव्हतं. पण बायकोच्या तोंडून आल्यावर त्याला बळ आलं. जेवणानंतर तो खणायचा कमी आणि ओढ्याकडे बघायचा जास्त. सरळ्या खड्ड्यात वाकला की घुम्याची कुदळ थांबायची. हा इतका वेळ खाली काय करतोय? आता उठला, आता पायानं माती लोटली. माती का लोटली? स्वतःचा खड्डा गुडघ्याएवढा झाला की घुम्या पुढच्या खुंटीकडे जायचा, कारण पुढच्या खुंटीवरून सरळ्या जास्त स्पष्ट दिसायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सरळ्या जेवायला घरी गेला तसा घुम्या ओढ्याकडे गेला आणि सरळ्याचे बुजवलेले खड्डे उकरायला लागला. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं. तिसऱ्यात काहीतरी काळं दिसलं. हात घालून बघितलं तर कुजलेलं मूळ. सगळे खड्डे मात्र दोन हात खोल, वीतभरही कमी नाहीत, आणि कडा अशा तासलेल्या की जणू त्यात भिंतच उभी करायची होती. ते बघून त्याला जास्तच राग आला.

"बाबा!" लेक वरून ओरडली. "ते खणून झालंय."

"ठाऊक आहे."

"मग परत का खणताय?"

घुम्या घुमला. लेक खाली आली, खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं बापाकडे बघितलं, आणि तिला सगळं कळलं. तिच्या तोंडावरची ती समजूत बघण्यापेक्षा दरडीखाली गेलेलं परवडलं असतं. त्या दिवशी दुपारनंतर ती एक शब्द बोलली नाही. घुम्यानं सरळ्याचे अकरा खड्डे उकरले आणि स्वतःच्या चार खुंट्या तशाच राहिल्या. उकरलेली माती ताजी दिसत होती. सरळ्या परत आला, त्यानं ती बघितली आणि न बोलता पुढच्या खुंटीला कुदळ लावली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोजणीवाले बाराव्या दगडावर दिसले. तिपाई, झेंडे, दोन्हीकडचा एकेक साहेब आणि खेचरं. दुपारपर्यंत तेराव्याला पोचतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. घुम्यानं राहिलेल्या चार खुंट्या जिवाच्या आकांतानं खणल्या. काही नाही. त्याच्या तळहाताची सालं गेली होती आणि कुदळीचा दांडा लाल झाला होता. सरळ्याचं टोक संपलं होतं. साठच्या साठ खड्डे झाले होते.

बायको डोक्याला हात लावून दगडावर बसली. घुम्या कमरेवर हात ठेवून कुरणाकडे बघत राहिला. गवताचे कोंब नुकते वर आले होते.

तेवढ्यात त्याला कुदळीचा आवाज आला. सरळ्या कड्याच्या टोकाला होता, घुम्याच्या पहिल्या दिवसाच्या खड्ड्यांपाशी, आणि खणत होता.

घुम्या तरातरा वर गेला. "ते माझे खड्डे आहेत."

"हो."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

सरळ्या थांबला नाही. "काल तू माझे उकरलेस," तो म्हणाला, "तेव्हा मी विचारलं का?"

घुम्या उभा राहिला. सरळ्यानं पहिला खड्डा खोल केला, दुसरा केला. पाचव्या खड्ड्यात उतरला. गुडघाभर तो आधीच होता. आणखी हातभर गेल्यावर कुदळ टाकून तो खाली बसला आणि बोटांनी गाळ बाजूला करू लागला. मग त्यानं हात वर केला. हात काळा झाला होता.

"ये," तो म्हणाला. "तू काढ."

घुम्या खड्ड्यात उतरला. कोळसा सुपाएवढा, ओला, पण बोटाला लागताच काळाभोर. त्यात दोन तुकड्यांचं कौल, तोंडाला तोंड लावून ठेवलेलं. इथे तो पहिल्या दिवशी उभा होता. ह्याच जागी कुदळ टेकून त्यानं ओढ्याकडे बघितलं होतं, सरळ्या माती का लोटतोय म्हणून. साक्ष त्याच्या टाचेखाली हातभर होती.

मोजणीवाले आले. इकडच्या साहेबानं कौलाचे तुकडे जोडून बघितले, ते नेमके बसले. तिकडच्या साहेबानं कोळसा हुंगला, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. "कोणाला सापडली?" त्यानं वहीत लिहायला पेन काढलं.

घुम्या सरळ्याकडे बघत राहिला. आता बोलेल. तेवढं तरी बोलेल, म्हणजे आपल्याला त्याचा राग करता येईल.

"ह्यांच्या खड्ड्यात निघाली," सरळ्या म्हणाला. साहेबानं तसं लिहून घेतलं.

नवा दगड दोघांनी मिळून बसवला. घुम्यानं ओळंबा धरला, सरळ्यानं पाचर मारली. दगड जराही कलला नव्हता.

घरी म्हातारा खिडकीला लागून बसला होता. दूरवरून दगड दिसत होता, पण चेहरे दिसत नव्हते. "सापडली?" त्यानं विचारलं.

"सापडली."

"कोणाला?"

साहेबाच्या वहीत होतं तेच घुम्याच्या जिभेवर आलं. बायको दारात उभी होती, तिनं मान हलवून खूणसुद्धा केली. आयुष्यात एकदा म्हाताऱ्याच्या तोंडून कौतुक ऐकायला मिळालं असतं.

"खड्डा माझा होता," तो म्हणाला. "पण मी अर्धाच खणला होता. तळ त्यानं काढला."

म्हाताऱ्यानं बाहेर नव्या दगडाकडे बघितलं. "काका म्हणायचे," तो म्हणाला, "तुझ्या पोरासारखा पोर नाही. बादलीची कडी बोट कापते, पण देत नाही. फेरीभर बघत असायचे तुझ्याकडे. मला राग यायचा कधीकधी, म्हटलं, स्वतःचा पोरगा आहे की तुला."

घुम्या बाहेर गोठ्यात गेला आणि खेचराच्या पाठीला डोकं टेकून रडला. तीस वर्षं तो पुढच्या दोन पाठींकडे बघत चालला होता. शेजारून कोणीतरी आपल्याकडे बघत चाललंय, हे मान वळवली असती तर दिसलं असतं.

बेकीचे बाकीचे दहा दगड जागेवर उभे होते. त्यांचे आकडे परत काढता येत होते, पण दोराचं दुसरं टोक धरणार कोण? घरच्याला धरू देता येत नव्हतं आणि सरळ्यालाही नाही, नाहीतर दोन्ही वाटे एका डोक्यात गेले असते. म्हणून घुम्या एकटाच जायचा. शेवाळ खरवडून खूण शोधायची, तिथे दोराला खिळा मारायचा, दगडापर्यंत उतरायचं, दोर निसटला की परत चढायचं. एका दगडाला दोन-दोन दिवस लागायचे. गाव हसायचं. घुम्या परदेशाशी रस्सीखेच खेळतोय, म्हणायचं. शरद लागेपर्यंत त्याच्या तोंडी अकराही दगडांचे बावीस आकडे पाठ झाले, आणि सरळ्याची सून बाळंतपणातून उठली की तिला सांगायचे असं ठरलं, कारण सरळ्याचा मुलगा खाली मैदानात नोकरीला होता आणि डोंगर चढला की त्याला धाप लागायची.

एकीचे आकडे सरळ्यानं द्यायचे होते घुम्याच्या लेकीला.

त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. घुम्या कुरणात गवत कापत होता. वर हद्दीवरून सरळ्या आणि लेक चालले होते. सरळ्या मध्येच थांबायचा, खडकावर बोट ठेवायचा, काहीतरी सांगायचा. लेक वाकून बघायची आणि मोठ्यानं हसायची. ते हसणं कुरणापर्यंत ऐकू येत होतं. घुम्याचा विळा थांबला. छातीत तेच जुनं, जागच्या जागी, जसंच्या तसं पेटलं. आता ते कशाचं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यानं ते काही विझलं नाही.

संध्याकाळी लेक घरी आली. गाल उन्हानं तापलेले, परकराला शेवाळ लागलेलं. तिनं पाणी घेतलं, आजोबांच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

घुम्या विळ्याला धार लावत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

"काय म्हणाले सरळ्याकाका?" त्यानं विचारलं.

लेक आजोबांकडे बघून हसली. म्हातारा खिडकीबाहेर बघायला लागला.

"बाबा," ती म्हणाली, "ते ह्या घरात सांगायचं नसतं."